एमटीआय नावाचा आजार

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर सूनबाईंनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. (सूनबाई, वाचत असशील तर ड्रॉप्स घातले आहेत.) आज मात्र राहवलं नाही. डोकं तापलंय.

परवा आमच्या माईची नात कराडहून आली होती. एम.एस्सी. झालीये, संख्याशास्त्रात, पहिला वर्ग. चहा झाल्यावर हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही इंग्रजी शिकवायचात ना? माझा एमटीआय घालवून द्याल का?" मला वाटलं, एमआरआयसारखं काहीतरी असेल. मी घाबरून विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

झालं होतं असं. पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. लेखी परीक्षा उत्तम, गणितं बरोबर, शेवटच्या फेरीत गळली. ओळखीतून चौकशी केली तेव्हा कळलं की कागदावर शेरा होता, 'स्ट्राँग एमटीआय'. एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स, मातृभाषेचा प्रभाव. कॉल सेंटरवाल्यांनी हा शब्द रुळवला. आता दिवसभर आकड्यांशी बोलायच्या नोकरीलाही तो लावतात म्हणे! साध्या मराठीत या शेऱ्याचा अर्थ काय होतो बघा. उमेदवाराच्या बोलण्यात तिची आई ऐकू येते, सबब नापास.

मी बत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं. माझी ए बी सी डी पाचवीत सुरू झाली, बी.ए. मराठी माध्यमातून, आणि इंग्रजी शिकले ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. तेव्हा एमटीआय माझ्यात किती असेल याची कल्पना करा. म्हणून तिला विचारलं, नक्की काय चुकलं ते सांग.

तिने तीन गोष्टी सांगितल्या. 'वेडनसडे' म्हणाली. 'र' फार जोरात म्हणते. आणि 'व्ही' नि 'डब्ल्यू' दोन्हींना एकच 'व' लावते.

वेडनसडे चूकच. पाच मिनिटांत सुधारली. पण 'र'ची गंमत ऐका. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडात 'र' चांगला खणखणीत उच्चारला जायचा. 'वॉटर'मधला शेवटचा 'र' दक्षिण इंग्लंडच्या लोकांनी पुढे अठराव्या शतकाच्या सुमारास गिळायला सुरुवात केली. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिका आजही तो गिळत नाही. म्हणजे माईच्या नातीचा 'र' या बाबतीत शेक्सपिअरला अधिक जवळचा. आणि 'व'चा गोंधळ? डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) सॅम वेलर नावाचा लंडनचा नोकर आहे, तो 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' आणि 'डब्ल्यू'च्या जागी 'व्ही' म्हणतो. वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याला कोणी एमटीआय म्हटलं नाही, कारण त्याची मदर टंग इंग्रजीच होती!

आणि खुद्द साहेबाला तरी आपले उच्चार कुठे जमले? खडकी म्हणता येईना तर त्याने किर्की केलं, आणि आपण निमूटपणे तशा पाट्या रंगवल्या. त्याच्या एमटीआयचा शेरा कोणी मारला?

बरं, त्यांच्या घरातही हेच. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बीबीसीने यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्सना देशभरच्या बातम्या वाचायला बसवलं. जर्मनांना हा उच्चार उचलून खोट्या बातम्या देणं जड जाईल, असाही हिशेब होता म्हणतात. तर लोकांच्या तक्रारी आल्या! बॉम्ब पडताहेत, आणि काही मंडळींना चिंता कशाची, तर बातम्या देणारा उत्तरेकडचा वाटतो याची.

हे सगळं मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. लगेच अमेरिकेतल्या पुतण्याने एक यादी पाठवली, 'भारतीय लोक चुकीचे वापरतात असे इंग्रजी शब्द'. खाली शेरा, "काकू, भावना ठीक आहे, पण स्टँडर्ड नावाची गोष्ट असते."

असते ना, चिरंजीव. पण तुमची यादी बघू. त्यात 'प्रिपोन' आहे. तो ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसलाय, आणि पोस्टपोनच्या उलट शब्द हवाच होता, आपण दिला. 'आऊट ऑफ स्टेशन' आहे. तो तर गोऱ्या साहेबाचाच, त्याच्या नेमणुकीच्या ठाण्याला तो स्टेशन म्हणायचा. 'लिटरली'चा चुकीचा वापर आहे. हा आजकालच्या पोरांनी बिघडवला म्हणता? मार्क ट्वेनने १८७६ सालच्या 'टॉम सॉयर'मध्ये तो तसाच वापरलाय. 'नाइस' या शब्दाचा अर्थ मुळात अडाणी, मूर्ख असा होता. उद्यापासून आम्हाला कोणी नाइस म्हटलं तर रागवायचं का?

इंग्रजी बिघडली ही ओरड किती जुनी म्हणता? १७१० साली जोनाथन स्विफ्टने 'मॉब' या शब्दाबद्दल कुरकुर केली होती. १७८९ साली बेंजामिन फ्रँकलिनने कोशकार वेब्स्टरला पत्र लिहून तक्रार केली की लोक 'नोटिस' हा शब्द क्रियापदासारखा वापरतात. दोन्ही शब्द आज तुमच्या तोंडात आहेत, आणि स्टँडर्ड म्हणून आहेत.

म्हणून काहीही चालेल असं मी म्हणत नाही हं. माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी उगाच आशा धरू नये. एका भाडेकरारात मी स्वतः वाचलंय, भाडेकरू रक्कम 'अनटिल ही डझ नॉट पे' तोवर अमुक. 'जोपर्यंत देत नाही' याचं हे शब्दशः इंग्रजी, आणि अर्थ बरोबर उलटा. उद्या कोर्टात गेलं तर कोण कोणाला देणं लागतं हेच कळायचं नाही. ही चूक मी लाल शाईने खोडत आले, आजही खोडीन. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती हवा, 'अनइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला नको, यावरही मी हटणार नाही. (पूर्वी 'डिसइंटरेस्टेड'चा दुसराही अर्थ होता असं कोश दाखवतो. दाखवू दे.) जिथे अर्थ जातो तिथे चूक. जिथे फक्त गाव कळतं तिथे कसली चूक? परदेशी जाणाऱ्या मुलांची ती आयईएल्टीएस परीक्षा, तिच्यातसुद्धा मातृभाषेचा रंग ऐकणाऱ्याच्या समजण्यात आड येत नसेल तर चांगले गुण मिळतात. साहेबाची परीक्षा जे चालवून घेते ते आमच्या पुण्यातल्या एचआरला चालत नाही. आता तर समोरचा बोलता बोलताच त्याचा उच्चार बदलून ऐकवणारं सॉफ्टवेअर कॉल सेंटरांत आलंय. बोलणारी कराडची, ऐकू येणार कुठलीतरी तिसरीच.

इथवर लिहून मी ग्रुपवर पाठवणार होते. हात थांबला.

१९८३ साल. कपिल देवने वर्ल्ड कप आणला होता आणि पोरं क्रिकेटने वेडी झाली होती. आठवीचा वर्ग. मळ्यातून चालत येणारा एक मुलगा वाचायला उभा राहिला आणि म्हणाला, "धिस इज माय ब्याट." वर्ग हसला. मी म्हटलं, बॅट. तो म्हणाला, ब्याट. मी सहा वेळा म्हणायला लावलं. सहाव्यांदा मीही हसले. दहावीपर्यंत तो पुन्हा कधी उभा राहून वाचला नाही. नाव पुकारलं की मान खाली.

मराठीत हा 'ॅ' मुळात नव्हताच. इंग्रजी शब्दांसाठी तो अर्धचंद्र आपण घेतला. जुन्या मराठी पुस्तकांत 'म्यानेजर', 'ब्यांक' असंच छापलेलं आहे, आणि ते छापणारी माणसं चांगली विद्वान होती. तो मुलगा शंभर वर्षं आधी जन्मला असता तर त्याचा ब्याट पुस्तकात शोभला असता. हे मला तेव्हा माहीत होतं का? होतं. तरी हसले.

तेव्हा पुण्याच्या एचआरला एकटीलाच कशाला बोल लावू? शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु.लं.नी 'ती फुलराणी' केलं, १९७५ साली भक्ती बर्वे रंगमंचावर आल्या, आणि आपण टाळ्या वाजवल्या. शॉची टिंगल खरं तर उच्चारावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांची होती. नाटकाहून घरी येऊन आपण मोलकरणीच्या 'आनी' नि 'पानी'ला हसायला मोकळे. 'ण' म्हणता येणं म्हणजे संस्कार, अशी आपली ठाम समजूत. इंग्रजी बोलताना आपल्याला हसतात तेव्हा मात्र झोंबतं.

पुतण्याला शेवटी एवढंच लिहिलं की स्टँडर्डबद्दल सवडीने बोलू.

नात दोन दिवस राहिली. येत्या सोमवारी दुसऱ्या कंपनीत मुलाखत आहे. निघताना म्हणाली, "एमटीआयबद्दल विचारलंच तर काय सांगू?" मी तोऱ्यात म्हटलं, "सांग, आहे. कराडचा आहे." ती पिशवी उचलत म्हणाली, "आजी, मला नोकरी हवी आहे."

खरंच आहे तिचं. तेव्हा रोज रात्री नऊ वाजता फोनवर आमचा सराव चालू आहे. 'व्ही'ला खालचा ओठ दातांना लावायचा, 'डब्ल्यू'ला दोन्ही ओठांचा चंबू करायचा. तिला जमतंय. मला अजून नीट जमत नाही. नऊला पाच कमी आहेत, बंद करते.