दहावीची गुणपत्रिका जपून ठेवा

व्यापारी घराण्यांतील मुलींचे शिक्षण आता पदवीपाशी थांबत नाही. बी.कॉम., एम.कॉम. झालेली मुलगी विवाहानंतर परदेशी गेली, घर स्थिरस्थावर झाले, मुले शाळेत जाऊ लागली, की पुढे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर तयार असते. तिने शिक्षिका व्हावे, आणि तेही प्राथमिक शाळेत. कामाची वेळ सोयीची, सुट्ट्या मुलांच्या सुट्ट्यांबरोबर आणि काम मानाचे, असा हिशेब असतो. पदवीधर व्यक्तीला लहान मुलांना शिकवणे काय अवघड, अशी समजूतही त्यामागे असते. इंग्लंडमधील पदवीनंतरच्या प्राथमिक अध्यापन अभ्यासक्रमाच्या प्रवेशाच्या अटी नीट वाचल्या, तर ही समजूत किती अपुरी आहे हे ध्यानात येते. लंडन आणि लेस्टर येथे जैन कुटुंबे गेली अनेक दशके स्थायिक आहेत आणि महाराष्ट्रातील मुली तेथे सुना म्हणून जात आहेत. त्यामुळे या अटी आपल्याही उपयोगाच्या आहेत.

या अभ्यासक्रमाचे नाव पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट इन एज्युकेशन, संक्षेपाने पीजीसीई. नावातील ‘पोस्टग्रॅज्युएट’ या शब्दाने आपल्याकडे हमखास गैरसमज होतो. येथे त्याचा अर्थ पदवीनंतर करावयाचा अभ्यासक्रम एवढाच आहे. प्रवेशासाठी एम.कॉम. किंवा एम.ए. लागत नाही, पहिली पदवी पुरते. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारणपणे एका शैक्षणिक वर्षाचा असतो. भारतीय पदवी ब्रिटिश पदवीशी समकक्ष आहे की नाही, हे प्रवेश देणारी संस्था तपासते आणि त्यासाठी यूके एनिक या संस्थेचे तुलनापत्र मागितले जाऊ शकते. प्राथमिक वर्गांसाठी पदवी अमुक एका विषयाचीच असावी असा नियम नाही. वाणिज्य शाखेची पदवीधर अर्ज करू शकते, तशीच इतिहासाचीही. मात्र पदवीची श्रेणी पुरेशी असावी, अशी अपेक्षा बहुतेक विद्यापीठे ठेवतात.

पदवीची अट अशी सैल वाटते, पण खरी कसोटी तिच्या मागे आहे. उमेदवाराने इंग्रजी आणि गणित या विषयांत जीसीएसई परीक्षेची किमान चौथी श्रेणी, म्हणजे जुन्या पद्धतीतील ‘सी’, मिळवलेली असावी किंवा तिच्या तोडीची पात्रता सिद्ध करावी, असा नियम आहे. प्राथमिक वर्गांसाठी यात तिसऱ्या विषयाची भर पडते, ती विज्ञानाची. जीसीएसई ही तेथील मुले सोळाव्या वर्षी देतात. म्हणजे ती आपल्या दहावीच्या वळणावरची परीक्षा आहे. एम.कॉम.ला प्रथम वर्ग मिळवलेल्या मुलीलाही तेथे पहिल्यांदा तिच्या दहावीच्या गणिताबद्दल आणि विज्ञानाबद्दल विचारले जाते. वरची पदवी खालची उणीव भरून काढत नाही.

भारतातील दहावीचे गुण या अटीसाठी ग्राह्य धरायचे की नाहीत आणि धरायचे तर किती टक्क्यांपासून, हे प्रत्येक संस्था आपल्या निकषांप्रमाणे ठरवते. एका विद्यापीठाने मान्य केलेले गुण दुसरे विद्यापीठ मान्य करीलच असे नाही. इंग्रजीबाबत तर अधिकच काटेकोरपणा असतो. गुण ग्राह्य न ठरल्यास समकक्षता चाचणी देण्याचा मार्ग अनेक संस्था खुला ठेवतात. तेव्हा सासरी जाताना दागिन्यांच्या डब्याबरोबर दहावीची मूळ गुणपत्रिकाही सोबत असणे इष्ट. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर नावबदलाचा पुरावाही तिच्यासोबत ठेवावा.

विज्ञानाची अट केवळ प्राथमिक शिक्षकासाठीच का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक गणित शिकवतो आणि इतिहासाचा इतिहास. प्राथमिक वर्गात साधारणपणे एकच शिक्षक दिवसभर मुलांबरोबर असतो. वाचन, बेरीज-वजाबाकी, पाण्याची वाफ कशी होते, बी कसे रुजते, हे सारे त्याच्याच तोंडून मुलांच्या कानी पडते. इंग्लंडमध्ये इयर फोरच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची चाचणी होते आणि २०२२ पासून ती सक्तीची आहे. बारापर्यंतच्या पाढ्यांवर पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. दुकानाच्या गादीवर बसून पाढे म्हणून घेणाऱ्या आजोबांच्या पिढीला याचे नवल वाटणार नाही. ती चाचणी ज्याच्या वर्गाची होते, त्या शिक्षकाला पाढे येतातच हे कोणी गृहीत धरत नाही. म्हणून प्रवेशाच्या दारातच गणिताची चौकशी होते.

याशिवाय उमेदवाराच्या पूर्वचारित्र्याची तपासणी होते. मुलांबरोबर काम करणाऱ्याच्या नावावर गुन्ह्याची नोंद नाही ना, हे पाहिले जाते आणि परदेशात राहिलेल्या व्यक्तीकडून त्या देशाच्या पोलिसांचा दाखला मागितला जाऊ शकतो. आरोग्यदृष्ट्या ती अध्यापनास सक्षम आहे का, हेही विचारले जाते. मुलाखत होते. प्रवेश मिळाल्यावर किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळांत, तेही किमान दोन शाळांत, प्रशिक्षण घ्यावे लागते. घर सांभाळून अर्धा दिवस करण्याजोगा हा अभ्यासक्रम नव्हे, हे कुटुंबातील सर्वांनी आधीच समजून घेतलेले बरे.

सर्वांत महागात पडणारी गफलत मात्र वेगळीच आहे. पीजीसीई हे विद्यापीठाचे प्रमाणपत्र आहे. इंग्लंडच्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत शिक्षक म्हणून जो अधिकृत दर्जा सामान्यतः लागतो, त्याचे नाव क्वालिफाइड टीचर स्टेटस, संक्षेपाने क्यूटीएस. तेथे राहून करावयाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत दोन्ही एकत्र मिळतात. परंतु दोन्ही एक नव्हेत. भारतात घरी बसून दूरस्थ पद्धतीने करता येणारे ‘आंतरराष्ट्रीय’ पीजीसीई अभ्यासक्रमही आहेत. खासगी आंतरराष्ट्रीय शाळांत त्यांचा उपयोग होऊ शकतो, पण केवळ त्या अभ्यासक्रमाने क्यूटीएस मिळत नाही. जाहिरातीतले ब्रिटिश विद्यापीठाचे नाव पाहून शुल्क भरण्यापूर्वी ‘याने क्यूटीएस मिळते का?’ हा एक प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. स्कॉटलंडची व्यवस्था याहून निराळी आहे. तेथील अभ्यासक्रम पीजीडीई या नावाने ओळखला जातो, इंग्रजीच्या अपेक्षा वेगळ्या आहेत आणि शिक्षकाला तेथील जनरल टीचिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. लेस्टरच्या नणंदेने सांगितलेली माहिती ग्लासगोच्या जावेला जशीच्या तशी लागू पडत नाही.

खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. इंग्लंडमध्ये स्थानिक ठरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी २०२५-२६ या वर्षाची कमाल शुल्कमर्यादा ९,५३५ पौंड होती. परदेशी ठरणाऱ्या विद्यार्थ्याला ही मर्यादा लागू नाही आणि त्याचे शुल्क बरेच अधिक असते. स्थानिक कोण, हे केवळ सध्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. व्हिसाचा प्रकार आणि त्या देशातील आधीच्या वास्तव्याचा काळ या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. नुकतीच सासरी गेलेली सून आणि काही वर्षे तेथे कायदेशीर वास्तव्य करून स्थायिकत्वाचा हक्क मिळवलेली सून यांच्या शुल्कात त्यामुळे मोठे अंतर पडू शकते. अर्ज करण्याचे वर्ष ठरवताना हा हिशेब मांडावा. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर लगेच सारे स्थिरावते असेही नाही. सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकाचा उमेदवारीचा काळ पूर्णवेळ काम करणाऱ्यासाठी दोन वर्षांचा आहे.

इंग्लंडचे नियम काटेकोर वाटतात म्हणून आपल्याकडील वाट सोपी समजू नये. भारतात पदवीनंतर बी.एड. केले की कोणत्याही वर्गाला शिकवता येते, हा समज फार खोलवर रुजला आहे. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. नियुक्तीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करावा, अशी अट होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पात्रता अमान्य केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र स्वतंत्र आहे आणि बी.एड.ची रचना त्यासाठी झालेली नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. त्या तारखेपूर्वी नेमलेल्यांना न्यायालयाने २०२४ मध्ये संरक्षण दिले; नव्याने येणाऱ्यांना ते नाही.

म्हणून पहिली ते पाचवीची मुख्य वाट डी.एल.एड. या दोन वर्षांच्या पदविकेची राहते. परिषदेच्या निकषाप्रमाणे तिचा प्रवेश बारावीच्या गुणांवर, सामान्यतः किमान ५० टक्क्यांवर ठरतो. तेथेही पदवी दुय्यम आहे. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. तिचा पहिला पेपर १५० गुणांचा असतो. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. इंग्लंड आणि भारत यांच्या व्यवस्था एवढ्या भिन्न, तरी दोघांनीही प्राथमिक शिक्षकाकडे भाषा, गणित आणि भोवतालच्या सृष्टीचे ज्ञान हीच शिदोरी मागितली आहे.

प्राथमिक शिक्षकाची स्वतंत्र तयारी हवी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. खेडोपाडी शाळा काढायच्या तर त्यांत शिकवणारी माणसे आधी घडवली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. १९३५ साली साताऱ्यात त्यांनी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले, ते प्राथमिक शिक्षक तयार करण्यासाठी.

मुलगी किंवा सून या क्षेत्रात येऊ इच्छित असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनी अर्जाच्या आधी तिच्यासोबत बसून चार गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. तिचे दहावीचे गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे गुण किती. कोणत्या देशात आणि कोणत्या प्रकारच्या शाळेत तिला शिकवायचे आहे. निवडलेल्या अभ्यासक्रमाने तेथे शिक्षकाचा अधिकृत दर्जा मिळतो काय. आणि प्रशिक्षणाच्या काळात घरची कोणती कामे दुसरे कोण उचलणार. पहिल्या तिन्हींची उत्तरे कागदपत्रांत आणि संस्थेच्या लेखी पत्रात सापडतात. चौथ्याचे उत्तर घरातच द्यावे लागते, आणि ते शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी दिलेले असावे.