वारा कुणाच्या नावावर?

बुरोंडीत वाऱ्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. मृग लागला की तो समुद्रावरून थेट वर येतो, माडांना वाकवतो, कौलं सरकवतो आणि पडवीत बसलेल्या माणसाला घरात धाडतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात आणि तांडेल मंडळींना गप्पांना सवड असते. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने मी इथे काढतो. अशाच एका पावसाळी संध्याकाळी बंदरावरच्या एका जुन्या तांडेलानं मला विचारलं, "भाऊ, गुजरातेत म्हणे समुद्रातच पवनचक्क्या उभ्या करणार. टीव्हीवर दाखवत होते. तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला कागद कळतो. जमीन कुणाच्या नावावर ते सातबाऱ्यावर असतं. मग वारा कुणाच्या नावावर असतो?"

मी हसलो. पण घरी पोचेपर्यंत ते हसू उरलं नव्हतं. कारण या प्रश्नाचं एक उत्तर मी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या सहीनं दिलं होतं.

आज आपल्याला पवनचक्की नवी वाटत नाही, पण देशातली तिची पहिली पावलं आपल्याच जिल्ह्यात पडली. १९८६ साली भारतात पहिल्यांदा पवनचक्क्यांचे समूह उभे राहिले, ते गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरीन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी इथे. एकेक चक्की अवघी ५५ किलोवॉटची. लोक मुलाबाळांना घेऊन बघायला जावं, इतकंच तिचं अप्रूप. तिला विरोध कोण करणार? आज देशातली पवन ऊर्जेची क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे आणि त्यातली सुमारे ५ हजार महाराष्ट्रात आहे. खेळणं मोठं झालं, आणि मोठं झालेल्या गोष्टीचा हिशेब मागायचा असतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे, चाळकेवाडी या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. मी तेव्हा त्या भागात नोकरीला होतो. कर्जाचे प्रस्ताव टेबलावर येत. गुंतवणूकदार बहुधा परगावचे, आणि त्यांचा मूळ धंदा भलताच. त्यांना वाऱ्याची ओढ कशी लागली, याचं उत्तर आयकराच्या नियमात होतं. त्या काळी पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळे. म्हणजे चक्कीवर खर्च केलेली रक्कम त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करता येई. पातं पुढे किती फिरलं यापेक्षा ते ३१ मार्चपूर्वी उभं राहिलं का, याला महत्त्व. पुढे ही सवलत ८० टक्क्यांवर आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली.

त्या फायलींत सगळं होतं. वाऱ्याचा सरासरी वेग, युनिटमागचा दर, परतफेडीचं वेळापत्रक. गावाचं नाव मात्र फक्त पत्त्यापुरतं होतं. गावाला काय वाटतं, असा रकानाच छापील अर्जात नव्हता आणि मलाही तो आखावासा वाटला नाही. सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असे. पिकत नाही, म्हणजे खराब. मी वाचलं आणि सही केली.

सडा खराब नसतो, हे कोकणातल्या पोराला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात पाय भाजतात. पण पहिल्या पावसानंतर तिथेच इवल्या फुलांचा गालिचा पसरतो, गुरं चरतात, आणि सड्यात मुरलेलं पाणी खाली गावच्या झऱ्याला लागतं. साताऱ्याच्या पठारांचंही तसंच. चाळकेवाडीपासून जवळच असलेल्या कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. महसुली दप्तराला जे खराब दिसलं, ते जगाला अमोल वाटलं.

त्याच चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी चक्क्या नसलेल्या भागाच्या जवळपास एक चतुर्थांशच आढळले. घारी-ससाणे कमी झाले, म्हणून त्यांचं भक्ष्य असलेले सरडे वाढले. हे सरडे निर्धास्त झाले. माणूस पार जवळ आला तरी पळेनात. नराच्या गळ्याचा रंगीत पंखाही फिका पडला. या सरड्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव २०१६ साली ठेवलं गेलं तेही 'सरडा' या मराठी शब्दावरूनच. वर पातं फिरतं आणि खाली सरड्याच्या गळ्याचा रंग उतरतो. असा व्यवहार कुठल्या खतावणीत लिहायचा?

नुकसान केवळ पात्याचं नसतं. शंभर-सव्वाशे फुटांचं पातं डोंगरमाथ्यावर न्यायचं तर वळणं रुंद लागतात, डोंगर कापावा लागतो. भीमाशंकरजवळच्या पवन प्रकल्पाबद्दल माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. तीव्र उतारांवर काढलेले रस्ते, तुटलेलं जंगल, ढासळणाऱ्या दरडी, ओढ्यांत लोटलेला राडारोडा, आणि ज्या डोंगरांवर पिढ्यान् पिढ्या वावरले त्यांवर जायला स्थानिकांनाच मज्जाव.

२००३ च्या आसपासच्या दुष्काळी वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांत एक समज पसरला. पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही. शहरात आपण त्यावर भरपूर हसलो. विज्ञानाच्या दृष्टीनं तो समज चुकीचाच होता. मोसमी वाऱ्यांचा थर काही किलोमीटर जाडीचा असतो, त्याला शे-दोनशे फुटांचा खांब काय अडवणार? पण मला आज वाटतं, हसण्याआधी आपण थोडं थांबायला हवं होतं. एका रात्रीत ट्रेलर येतात, परकी माणसं कुंपण घालतात, वीज आपल्या डोक्यावरून दूर निघून जाते, आणि हे सारं काय आहे ते सांगायला कुणी येत नाही. तेव्हा माणूस हाती असेल त्या शब्दांत तक्रार करतो. शब्द चुकले, तक्रार चुकलेली नव्हती.

ती सांगायला जागा तरी कुठे होती? औष्णिक वीज प्रकल्पाला पर्यावरण परवानगी लागते, जनसुनावणी लागते. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवन ऊर्जा नाही. वनजमीन असेल तर वन खात्याची परवानगी लागते, एवढंच. धूर नाही म्हणून सुनावणी नाही, असा हा न्याय.

याचा अर्थ पवनचक्क्या नकोत, असा कुणी काढू नये. कोळशाची राख चंद्रपूरकरांच्या घरात किती वर्षं पडते आहे, हे आपण जाणतो. बदलत्या हवामानाचा फटका तर किनाऱ्याला आधी बसतो. २०२० च्या निसर्ग वादळानं दापोली तालुक्यातल्या माड-पोफळीच्या बागा कशा झोपवल्या, ते आम्ही पाहिलं. वाऱ्याची वीज हवीच आहे. पण चांगल्या कामाला विचारण्यातून सूट मिळते, हे मला मान्य नाही. नॉर्वेसारख्या सुधारलेल्या देशातही फोसेन इथल्या पवन प्रकल्पानं रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांवर गदा आणली, असा निवाडा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली दिला. निवाडा आला तेव्हा चक्क्या फिरत होत्या. उशिरा विचारलेल्या प्रश्नाचं असंच होतं.

म्हणून मागणं साधं आहे. मोठ्या पवन प्रकल्पालाही जनसुनावणी हवी. 'पोटखराबा' हा शेरा पाहून जागा ठरू नये. तिथलं पाणी, गवत, पाखरं यांची आधी नोंद व्हावी. आणि गावाला एकदाच भाडं किंवा किंमत देऊन मोकळं न होता, चक्की फिरेल तोवर विजेत किंवा उत्पन्नात वाटा मिळावा.

समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी केंद्र सरकारनं २०२४ साली ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात आरंभीचे प्रकल्प गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी आहेत. कोकणचं नाव त्यात नाही. म्हणूनच बोलायची वेळ हीच आहे. खाडीपलीकडे एन्‍रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या वेळी बोलायला उशीर झाला होता, आणि १९९७ साली वेलदूरच्या बायकांना पोलिसांचा मार खावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी त्या तांडेलाला सांगितलं, वारा कुणाच्याच नावावर नसतो. तो म्हणाला, "तसं असेल तर तो आमचाही आहे. मग विचारायला कोण येणार, तेवढं सांगून ठेवा."

ते मला अजून सांगता आलेलं नाही.