सव्वा इंचाची गोष्ट

"नातवाला वाढदिवसाला दुर्बीण द्यायची आहे, कोणती घेऊ?" असे मला वर्षाकाठी चार-पाच जण तरी विचारतात. मी बी.ए., तेही मराठी घेऊन, आणि आयुष्यभर शाळेत मराठी आणि भूगोल शिकवलेली बाई. माझा सल्ला घेणारे धाडसीच म्हणायचे! पण रात्री गच्चीत दुर्बीण लावून बसणारी म्हातारी आमच्या गावात दुसरी नाही, म्हणून विचारतात. त्यांना वाटते मी एखाद्या कंपनीचे नाव सांगेन. मी उलट विचारते, "आयपीस बसवायचे तोंड किती इंचाचे आहे?" मग फोनवर बराच वेळ शांतता असते.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्या नातेवाइकांना पुढचे वाचायला नको. घरात किंवा शाळेत जुनी छोटी दुर्बीण पडून असेल, तर नवी घेण्याआधी तिला सव्वा इंचाचा अ‍ॅडाप्टर आणि एक बरा आयपीस घ्यावा. आणि नवीनच घ्यायची असेल, तर सव्वा इंचाचे तोंड नसलेली दुर्बीण पैसे देऊन मुळीच घेऊ नये.

आता सविस्तर. आयपीस म्हणजे आपण डोळा लावतो ते भिंग, शाळेच्या पुस्तकात याला 'नेत्रिका' म्हणतात. पुढचे मोठे भिंग प्रतिमा तयार करते, आयपीस ती मोठी करून दाखवतो. त्यामुळे पुढचे भिंग कितीही चांगले असले आणि मागे रद्दी आयपीस लावला, तर सगळे मुसळ केरात. आयपीसच्या नळीची प्रचलित मापे तीन. ०.९६५ इंच (साडेचोवीस मिलिमीटर), सव्वा इंच आणि दोन इंच. पहिले ते जपानी माप. १९५०-६० च्या दशकांत जपानमधून जगभर गेलेल्या छोट्या दुर्बिणींवर हेच असायचे, आणि पुढेही कितीतरी वर्षे स्वस्त दुर्बिणींवर तेच राहिले. आज चांगले आयपीस बनतात ते सव्वा आणि दोन इंचांत. म्हणजे जुन्या मापाची दुर्बीण ज्याच्याकडे आहे, त्याला बाजारात जाऊन आयपीस बदलायची सोयच उरत नाही. एखाद्या घराच्या दारातून नवे कपाट आत जात नाही म्हणून कोणी घर पाडत नाही. दुर्बिणीच्या बाबतीत मात्र लोक नेमके तेच करतात.

हे सगळे आत्ता आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या तालुक्यातली एक शाळा (नाव नको). १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला होता, तेव्हा एका देणगीदाराने शाळेला दुर्बीण दिली. ६० मिलिमीटरचे भिंग, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर. यंदा डेड स्टॉक रजिस्टरातून काढून टाकायच्या वस्तूंच्या यादीत ती आली, मोडक्या बाकांच्या आणि गंजलेल्या तराजूच्या मध्ये. कारण काय, तर 'दिसत नाही'. मुख्याध्यापक भला माणूस आहे, म्हणाला, "बाई, नवीनच घेऊ की. ५२५ पट मोठे दाखवणारी मिळते हल्ली."

गंमत म्हणजे याच जुन्या दुर्बिणीच्या खोक्यावरही ५२५ पटच छापलेले आहे! हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचे. ७०० भागिले ४, म्हणजे १७५. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग लावले की झाले ५२५. पण भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे साधारण दोन पट, याच्या पुढे प्रतिमा नुसती फुगते, तपशील वाढत नाही. ६० मिलिमीटरला १२० पट म्हणजे डोक्यावरून पाणी. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे वीस पटीच्या दुर्बिणीतून. तेव्हा ५२५ हा आकडा मुलांना दाखवायचा नाही, गिऱ्हाइकाला दाखवायचा आहे.

मी ती दुर्बीण पंधरा दिवसांसाठी घरी आणली. पुढचे भिंग स्वच्छ निघाले. दोष सगळा मागच्या बाजूला. बारा मिलिमीटरचा आयपीस केव्हाच हरवलेला, वीसच्यात बुरशी, आणि उरलेला चारचा, ज्याला डोळा लावायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून बघायचे. चाळीस वर्षे मुलांना आकाश दाखवले ते या नेढ्यातून. त्यांना काही दिसले नाही यात नवल ते काय! शाळेचा शिपाई दुर्बीण रिक्षात ठेवायला आला तेव्हा सोबत सातवीतली एक मुलगी होती. तिने विचारले, "यातून शनीची कडी खरंच दिसते का, का पुस्तकातच असते?" या प्रश्नाला रजिस्टरात 'निर्लेखित' असे उत्तर द्यायचे, हे मला पटेना.

तर अ‍ॅडाप्टर. याचे तीन रस्ते आहेत आणि निवडताना डोके चालवावे लागते.

पहिला रस्ता म्हणजे साधी बाही. खाली जपानी मापाची, वर सव्वा इंचाची. सर्वांत स्वस्त. पण हिच्यामुळे आयपीस मागे सरकतो, आणि तेवढी फोकसची नळी आत ढकलावी लागते. ती आत जायला जागाच नसेल, तर चंद्रसुद्धा कायम पिठाच्या गोळ्यासारखा दिसणार. म्हणून विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा करावी. जुना आयपीस लावून दूरचा तारा किंवा चंद्र नीट फोकस करायचा, आणि नळी अजून किती आत जाऊ शकते ते पट्टीने मोजायचे. बाहीची वाढीव उंची त्यापेक्षा कमी हवी, आणि चार-पाच मिलिमीटर हाताशी राखून ठेवावेत, कारण प्रत्येक आयपीसचा फोकस थोडा पुढेमागे असतो. आरशाच्या न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणींत ही जागा बहुधा फार कमी असते, तिथे या परीक्षेशिवाय पाऊल टाकू नये.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, तो भिंगाच्या दुर्बिणींसाठी. मान मोडू नये म्हणून काटकोनात वळवणारा जो डायगोनल असतो, तोच बदलायचा. दुर्बिणीकडे जपानी माप, डोळ्याकडे सव्वा इंच, अशा मिश्र मापाचे डायगोनल मिळतात. जुना काढून त्याच्या जागी नवा बसतो, त्यामुळे लांबी फारशी वाढत नाही.

तिसरा म्हणजे फोकसच्या नळीचे टोकच नवे करून घेणे. शाळेच्या दुर्बिणीला मी हेच केले, कारण तिचा डायगोनलही तडकलेला होता. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे लेथचे दुकान आहे. मराठीत त्याला कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत, पण माप घेताना त्याचा हात बघावा! "बाई, सव्वा इंच म्हणजे दहा सूत. आत किती ढिले ठेवू?" म्हटले, कागदाच्या जाडीइतके. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून टोक काढून दिले आणि स्वतःच्या बुद्धीने एकाऐवजी तीन स्क्रू दिले. ते बरोबरच आहे. एकच स्क्रू आयपीसला एका बाजूला रेटतो, तीन स्क्रू मधोमध धरतात. आतून चकाकी येऊ नये म्हणून मी शाळेतलाच फळ्याचा काळा रंग लावला. त्याच्याइतका मंद काळा रंग दुसरा नाही.

एक मर्यादा सांगायलाच हवी. बाही लावली तरी खालचा गळा अरुंदच राहतो. त्यामुळे ३२ मिलिमीटरचा मोठा आयपीस लावून सगळे विस्तीर्ण आकाश दिसेल अशी आशा करू नये, कडा काळवंडतात. २० किंवा २५ मिलिमीटरचा साधा प्लॉसल पुरे. ७०० च्या दुर्बिणीला तो अनुक्रमे ३५ आणि २८ पट देतो. पस्तीस पटीत शनीची कडी लहान पण स्पष्ट दिसतात. दोन इंचांचा मोह तर छोट्या दुर्बिणीसाठी अजिबात धरू नये. ते मोठ्या नळ्यांचे काम.

आणि जपानी मापाचे सगळेच टाकाऊ, असेही नाही. झाइसचे आणि काही जपानी कारखान्यांचे त्या मापाचे जुने ऑर्थोस्कोपिक आयपीस आजही हौशी लोक जपून वापरतात. तुमच्या आजोबांच्या पेटीत तसा निघाला तर उलट दिशेचा अ‍ॅडाप्टर घ्या, पण तो विकू नका. फेकून द्यायची वस्तू वेगळीच आहे. जुन्या खोक्यात आयपीसवर फिरवून बसवायची एक काळी किंवा गडद हिरवी काच मिळते, तिच्यावर 'सन' लिहिलेले असते. एकवटलेल्या उन्हाने ती तडकू शकते आणि तडकली तर डोळा जातो. शाळेच्या खोक्यातली मी हातोडीने फोडून टाकली. सामान कमी भरले म्हणून रजिस्टरात माझे नाव लिहा म्हटले.

"इतका उपद्व्याप करण्यापेक्षा स्वस्तातली नवी काय वाईट?" असे माझा पुतण्याही म्हणाला. स्वस्त असण्याला माझा विरोध नाहीच. २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोलवर्षात मुलांसाठी 'गॅलिलिओस्कोप' नावाचा जोडून करायचा संच निघाला. प्लॅस्टिकची नळी, ५० मिलिमीटरचे भिंग, किंमत पहिल्यांदा पंधरा डॉलर. पण तोंड सव्वा इंचाचे! मुलाची हौस वाढली तर तिला पुढे जायला रस्ता असावा, एवढा विचार करणाऱ्यांनी केला होता. पंधरा डॉलरमध्ये जमते, तर चकचकीत खोक्यावर ५२५ छापणाऱ्यांना का जमू नये?

येत्या शनिवारी दुर्बीण शाळेत परत जाईल. यादीतून नाव निघाले आहे, पण नव्या टोकाची नोंद कोणत्या रकान्यात करायची यावर लेखनिकाचे आणि मुख्याध्यापकांचे अजून एकमत झालेले नाही. तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशी दुर्बीण असेल तर पट्टी घेऊन तोंड मोजा आणि मला कळवा. लेथवाल्याने एका तुकड्यातून दोन टोके काढली होती, एक माझ्याकडे शिल्लक आहे.