उपचार सोडणाऱ्याला दोष देण्याआधी

मनाचे दुखणे म्हटले की आपल्या काही वस्त्यांत आजही आधी देवऋषी आठवतो. त्याच्या दारातून माणसाला समुपदेशकापर्यंत नेणे हे चळवळीचे काम आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. माणूस एकदा जातो आणि पुन्हा फिरकत नाही. मग 'या लोकांना उपचाराचे महत्त्वच कळत नाही' असा शेरा मारला जातो. तो आम्हाला मान्य नाही.

मानसोपचारात बोलणे हेच मोठे औषध असते आणि विश्वास बसल्याशिवाय माणूस बोलत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली या नात्याची तीन अंगे मांडली: ध्येय दोघांनी मिळून ठरवणे, त्यासाठी काय करायचे यावर एकमत आणि परस्परांतील जिव्हाळा. नाते भक्कम असेल तर गुण अधिक येतो आणि उपचार मध्येच सुटत नाहीत, असे पुढील संशोधनातही दिसून आले.

आता अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे पाहू. २०१३ साली सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०१४ साली खर्ड्यात दलित शाळकरी मुलाला ठार मारण्यात आले. अशा दहशतीने ज्याची झोप उडाली, त्याला 'जातीचा विषय सोडा, चांगले विचार करा' असे सांगितले तर तो पुन्हा का यावा? त्याच्या भीतीचे कारण गावात आहे, त्याच्या डोक्यात नाही.

विश्वास कसा उभा राहतो, हेही याच जिल्ह्याने दाखवले आहे. खर्डा ज्या तालुक्यात आहे, त्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच अल्पशिक्षित, निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. प्रशिक्षणात वेगवेगळ्या जातींच्या बाया एका पंगतीला बसल्या. काम प्रामुख्याने शरीराच्या आरोग्याचे होते, पण धडा मनाच्या उपचारालाही लागू पडतो. रोज भेटणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या माणसावर विश्वास बसतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १८ जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देते. तो प्रत्यक्षात यावा म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दर वेळी समुपदेशक बदलू नये. खेप चुकली तर रागावण्याऐवजी विचारपूस व्हावी. सांगितलेले चार भिंतींबाहेर जाऊ नये. समुपदेशकांच्या प्रशिक्षणात जातीचा अनुभव शिकवला जावा आणि मानसशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींना या कामात जागा मिळावी. अर्थात, समुपदेशक आपल्या जातीचा आहे एवढ्यानेही नाते जुळत नाही. ऐकून घेण्याची तयारी त्यालाही लागते.

बांधवांनो, समुपदेशकाचे बोलणे खटकले तर त्याला तोंडावर सांगा. जो ऐकून आपली चूक दुरुस्त करतो, त्याच्याशी नाते उलट घट्ट होते. जो ऐकतच नाही, तो बदलून मागा. पण उपचार सोडू नका. तो आपला हक्क आहे.