काडेपेटी फाटकावरच

मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीत शिरताना काडेपेटी आणि लायटर फाटकावरच काढून ठेवावे लागतात. आत अग्निशमन दल सज्ज असतं, तरीही. ही शिस्त माहुलकरांना समजावून सांगावी लागत नाही. मग झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला तीच शिस्त का नसावी? तानसा जलवाहिनीलगतची घरं तुटल्यावर इथं आलेल्या कुटुंबांचे आधार, प्रतिज्ञापत्रं, अर्ज अशाच दुकानांत छापले जातात. एकामागून एक पेनड्राइव्ह त्याच खाचेत जातो. बाहेरून आलेल्या ड्राइव्हमधला प्रोग्राम माणसाने सांगितल्याशिवाय चालता कामा नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिला आक्षेप सोयीचा: ज्याला संगणक कळत नाही, त्याचं काम ऑटोरनमुळे, म्हणजे ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीमुळे, आपोआप सुरू होतं. पण ही सोय विंडोज ९५ सोबत आली ती सीडीसाठी. कारखान्यात छापलेली सीडी वाटेत बदलत नाही. पेनड्राइव्ह मात्र प्रत्येक संगणकावर नव्याने लिहिला जातो. त्यात 'ऑटोरन.इन्फ' ही चार ओळींची फाइल टाकली, की सोय व्हायरसच्या हाती जाते. कॉन्फिकर नावाच्या व्हायरसने तर 'फाइली पाहण्यासाठी फोल्डर उघडा' असा खोटा पर्याय फोल्डरच्याच चित्रासह दाखवला. त्यात आधी फसला तो नवखाच, ज्याच्या नावाने सोयीचा कैवार घेतला जातो.

दुसरा आक्षेप: अँटिव्हायरस आहे ना! तो मुख्यतः ओळखीचा चोर पकडतो, नवा निसटू शकतो. २००८ मध्ये पेनड्राइव्हमधून शिरलेल्या व्हायरसने अमेरिकी सैन्याचे संगणकही गाठले, आणि असे ड्राइव्ह वापरण्यावरच बंदी घालावी लागली. अग्निशमन दल आहे म्हणून काडेपेटी आत सोडत नाहीत.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: विंडोज ७ पासून पेनड्राइव्हचं ऑटोरन बंदच आहे. खरं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टा या आधीच्या विंडोजसाठीही तसा बदल आला, आणि मायक्रोसॉफ्टच्याच मोजणीत मे महिन्यापर्यंत ऑटोरनचा गैरफायदा घेणाऱ्या व्हायरसांचा संसर्ग २०१०च्या तुलनेत एक्सपीवर ५९, तर व्हिस्टावर ७४ टक्क्यांनी घटला. हा आक्षेप माझीच बाजू भक्कम करतो. शिवाय त्या बदलातून सीडी वगळली होती, आणि काही पेनड्राइव्ह स्वतःला सीडी म्हणवतात. म्हणून विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत 'टर्न ऑफ ऑटोप्ले' सर्व ड्राइव्हसाठी लावावं. किंवा रजिस्ट्रीत 'नोड्राइव्हटाइपऑटोरन'ची किंमत २५५ ठेवावी.

एवढ्याने सगळं भागत नाही, हेही मान्य. एका दुकानातून परतलेल्या माझ्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले होते. क्लिक केलं असतं तर व्हायरस मीच चालवला असता. म्हणून चित्रावर शॉर्टकटचा बाण आहे का, ते पाहूनच उघडावं. पण पाहायला उसंत मिळते ती यंत्र आधी थांबलं तरच. दुकानातला संगणक दुकानदाराचा असला, तरी त्यातून जाणारे कागद लोकांचे आहेत. तो थांबलाच पाहिजे.