गाणे त्यांचे, रात्र सगळ्यांची

जबलपूरचे खमरिया मौजमजेसाठी प्रसिद्ध नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती कामगारांची वसाहत वसली. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला. मालकी बदलली तरी काम बदललेले नाही. ज्या हातांना स्फोटके हाताळायची असतात, त्यांची झोप पुरी होणे ही चैन नव्हे, गरज आहे.

समजा, अशा वसाहतीलगतच्या रस्त्यावर एक बार सुरू झाला. पहिला महिना शांततेत गेला. मग शनिवारी ऑर्केस्ट्रा आला, मग रोजच डीजे. रात्री साडेअकराला खिडक्यांची तावदाने थरथरू लागली. नवऱ्याला पहाटे कामावर जायचे असते, मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर असते, सासूबाई कानावर उशी दाबून पडलेल्या असतात. सून तक्रारीची गोष्ट काढते तेव्हा घरातलेच म्हणतात, ''अगं, कशाला नसती भानगड? त्यांच्याकडे लायसन्स आहे.''

बहुतेक कुटुंबे येथेच गप्प बसतात. पण लायसन्स कशाचे, हे कोणी विचारतच नाही.

दारू पाजण्याचा परवाना म्हणजे रात्रभर गाणी वाजवण्याचा परवाना नव्हे. दारूचा परवाना आबकारी खाते देते. खाद्यपदार्थांचा वेगळा असतो. ध्वनिमुद्रित गाणी ग्राहकांपुढे वाजवायची तर हक्कधारकांची परवानगी लागते. ध्वनिक्षेपकासाठी तर मध्य प्रदेशात १९८५ चा स्वतंत्र कोलाहल नियंत्रण कायदा आहे. शिवाय २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम साऱ्या देशाला लागू आहेत. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलिस कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे सार्वजनिक करमणुकीच्या जागांवर पोलिसांचे नियंत्रण असते. दिल्लीत मात्र जून २०२५ मध्ये हॉटेले, डिस्कोथेक, प्रेक्षागृहे वगैरेंच्या परवान्याचे काम पोलिसांकडून काढून घेण्यात आले. म्हणजे परवाना देणारा हात राज्याराज्यांत वेगळा, पण ज्याची झोप मोडते त्याचा हक्क सगळीकडे सारखाच.

हा हक्क आकड्यांत लिहिलेला आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-समारंभांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते. बंद सभागृहात वाजवायला हरकत नसली तरी आवाजाने भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरात शिरू नये, अशी अपेक्षा आहे.

हे नियम केवळ नाजूक कानांसाठी केलेले नाहीत. १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि मदतीसाठी तिने फोडलेल्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गदारोळात कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. ती बातमी वाचून एका अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १८ जुलै २००५ रोजी त्यावर निकाल लागला आणि शांततेत जगणे हा जगण्याच्याच हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. आपले ऐकवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण न ऐकण्याचा हक्क दुसऱ्यालाही आहे.

मग सगळे बारच बंद करून टाकावेत का? रागाच्या भरात तसे वाटते खरे. मध्य प्रदेश सरकारने १ एप्रिल २०२३ पासून दारू दुकानांना लागून असलेले अहाते बंद केले आणि शाळा व देवळांपासून दुकानाचे अंतर ५० ऐवजी १०० मीटर केले. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका-मुलींना त्याने दिलासा मिळाला असेल, पण डीजेचा आवाज १०० मीटरवर थांबत नाही.

सरसकट बंदीचे काय होते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००५ च्या ऑगस्टमध्ये तेथे डान्स बारवर बंदी आली. गंमत अशी की तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना ती लागू नव्हती. गरिबाच्या बारमधला नाच अश्लील आणि श्रीमंताच्या हॉटेलातला सभ्य! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पण मधली आठ वर्षे गेली होती. ७५ हजारांहून अधिक स्त्रिया बेकार झाल्या आणि पोटासाठी अनेकींना देहविक्रय करावा लागला, असे न्यायालयापुढे मांडले गेले. ज्या स्त्रियांची अब्रू राखण्यासाठी बंदी आणली, त्यांनाच तिने रस्त्यावर आणले. पुढे २०१६ मध्ये नवा कायदा झाला. त्यातल्या अनेक जाचक अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने गळाल्या, पण संध्याकाळी ६ ते रात्री ११:३० ही वेळेची अट न्यायालयाने मान्य केली. बंदी टिकली नाही, वेळेची मर्यादा टिकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये पब ही गल्लोगल्लीची गोष्ट. तेथे २००३ च्या कायद्याने दारू आणि करमणूक या दोन्हींचा परवाना स्थानिक कौन्सिलच्या हाती दिला. अर्ज आला की शेजाऱ्यांना हरकत नोंदवता येते. परवाना दिल्यानंतरही त्रास झाला तर त्याच्या फेरविचाराची मागणी करता येते. पुढे २०१२ मध्ये लहान कार्यक्रमांवरची बंधने सैल केली, पण रात्री ११ नंतर ती सूट नाही. गाणाऱ्याची रोजी आणि शेजाऱ्याची झोप, दोन्ही सांभाळण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्याकडे शेजाऱ्याला कोणी आधी विचारत नाही, म्हणून त्यानेच विचारायला शिकले पाहिजे. खमरियातल्या त्या सुनेने एकटीने बारच्या दारात जाऊन भांडू नये. आळीतल्या पाच-दहा घरांनी मिळून आवाजाच्या तारखा आणि वेळा वहीत लिहून ठेवाव्यात. मग सह्यांचा अर्ज पोलिस ठाण्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा व त्याची पोच घ्यावी. आबकारी खात्यालाही प्रत द्यावी. कोणकोणते परवाने दिले आणि कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. त्यासाठी फार पैसेही पडत नाहीत. बार बंद करा, अशी मागणी करण्याची गरज नाही. अटी पाळायला लावा, एवढेच म्हणावे. अशा मागणीला नाही म्हणणे कोणत्याही अधिकाऱ्याला अवघड जाते.

बारमध्ये गाणाऱ्यालाही घर असते आणि वाढणाऱ्या पोऱ्यालाही. त्यांचा धंदा चालावा. पण दहानंतर दारे-खिडक्या लावून आवाज आत ठेवला तर त्यांचे काहीच बिघडत नाही. उलट पहाटे दारूगोळ्याच्या कामावर जाणारा माणूस झोप पुरी करून घराबाहेर पडतो.