तबकडीमागचा माणूस

गेल्या महिन्यात येथे परभणीस एका स्नेह्यांच्या घरी जेवणे आटोपल्यावर कोणी तरी मोबाइलवर ‘शीळ’ हे जुने भावगीत लावले. मंडळी माना डोलावू लागली. गीत कोणाचे, असे आम्ही सहज विचारले, तर पाच-सात पदवीधरांच्या त्या बैठकीत एकासही सांगता येईना. कवी ना. घ. देशपांडे हे मेहकरचे. जिंतूर सोडून लोणारच्या वाटेने गेल्यास जे मेहकर लागते तेथले, म्हणजे आमचे शेजारीच! चाल बांधून ते गायिले जी. एन. जोशी यांनी.

परंतु आमची तक्रार याहून पुढची आहे. हेच जोशी १९३८ साली हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले, आणि पुढील सुमारे तीन दशके महाराष्ट्राने काय ऐकावे हे पुष्कळ अंशी या कायद्याच्या पदवीधराच्या कानाने ठरविले. असे असता आमच्या संगीतेतिहासांत त्यांची बोळवण होते ती ‘आरंभीचे एक भावगीतगायक’ या चार शब्दांत. त्यांच्या खऱ्या कर्तृत्वास जागाच नाही.

यावर विद्वान म्हणतात, ती तर पोटाची नोकरी. कला गाणाऱ्याची, यंत्र कंपनीचे, मध्ये हा कारकून कोण? ज्या परभणीत बी. रघुनाथांसारख्या कवीचे आयुष्य सरकारी नोकरीत गेले, तेथे तरी हा आक्षेप कोणी घेऊ नये. तासभर रंगणारा राग साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवावयाचा, तर काय गाळावे व कोठे थांबावे हे कोणी तरी ठरवावेच लागे. बडे गुलाम अलीखाँ, बेगम अख्तर यांच्यासारख्या मनस्वी कलावंतांना त्या निर्जीव खोलीत, समोर ‘वाहवा’ म्हणणारा एकही श्रोता नसता, खुलवावयाचे हे कारकुनी काम असेल तर संपादन ही हमाली होय. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी घ्या. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांचे गिटार. तिघेही तेव्हा तरुण. काश्मिरातील मेंढपाळाचा एक दिवस प्रहरांच्या रागांतून सांगणारी ही तबकडी पुढे जगभर गेली. तिचे निर्माते जोशीच. ऐकणाऱ्यांपैकी कितीकांस हे ठाऊक आहे?

विलायतेत काय घडले पाहा. जॉर्ज मार्टिन हेही त्याच ई.एम.आय. गोत्रातल्या कंपनीचे नोकर. १९६२ साली बीटल्स ही चौकडी त्यांनी पारखली, ‘यस्टर्डे’ या गीतामागे तारवाद्यांचे चतुष्क उभे केले. १९९६ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्यांच्या कारकिर्दीवर आजही ग्रंथ निघतात. आमच्याकडे जोशींनी आपल्या आठवणी आपणच लिहिल्या, मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ आणि इंग्रजीत १९८४ साली ‘डाउन मेलडी लेन’. त्या न लिहित्या, तर एवढेही उरते ना.

कंपनीचा डोळा विक्रीवर असे, हे आम्हांस मान्य आहे. जोशींची प्रत्येक निवड निर्दोष होती असेही आम्ही म्हणत नाही. पण दोष द्यावयाचा तरी नाव ठाऊक हवे. आता भावगीतांच्या कार्यक्रमात आम्हांस बोलावू इच्छिणाऱ्या परभणीकर मंडळींनी गायकाबरोबर कवीचे, चालकाराचे व मुद्रण घडविणाऱ्याचे नाव व्यासपीठावरून वाचावे. अन्यथा आमची खुर्ची रिकामी समजावी.